खानदेशातल्या घरात कमी खर्चात उभी केलेली अभ्यासाची जागा

मुलांना घरीच शिकवण्याचा विचार करणारे ओळखीचे पालक आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा वेगळ्या खोलीचा असतो आणि दुसरा खर्चाचा. पांढऱ्याशुभ्र कपाटांची रांग, रंगीत गालिचा, महागडी लाकडी खेळणी आणि भिंतभर छापील तक्ते अशी मोबाईलवर पाहिलेली छायाचित्रे त्यांच्या मनात असतात. ती पाहून अमळनेर, पारोळा किंवा चोपड्यासारख्या गावातल्या बेताच्या मिळकतीच्या घराने हात टेकले, तर त्यात नवल नाही. आमच्या घरात वेगळी खोली नाही. नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असे दोघेही घरीच शिकतात, घरात सासू-सासरे आहेत, पाहुण्यांची वर्दळ आहे आणि जी जागा अभ्यासाची आहे तीच रात्री अंथरुणांची आहे. तरीही सगळी मांडणी सहा हजार रुपयांच्या आत उभी राहिली. या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. हाती थोडा पैसा असेल, तर तो उजेड, बैठक आणि उन्हाळ्यातला थंडावा या तीन गोष्टींवर खर्च करावा. शिकण्याची बाकीची बहुतेक सामग्री घरात, शेतात आणि आठवड्याच्या बाजारात मिळते.

यांपैकी थंडाव्याचा विचार खानदेशात सर्वांत आधी करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि अमळनेर, धुळे, शिरपूर या भागातही फारसा दिलासा नसतो. पुण्या-मुंबईकडचे पालक अभ्यासासाठी भरपूर ऊन येणारी खिडकी शोधतात, आणि त्यांच्या हवामानात ते योग्यही आहे. आपल्याकडे मात्र तीच खिडकी पश्चिमेची असेल, तर दुपारी तीननंतर तिच्याजवळ बसणे अशक्य होते. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणून तिला टेकून अभ्यासाची जागा मुळीच करू नये. वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली मोकळी असते आणि साहजिकच प्रत्येकाला प्रथम तीच सुचते. पण फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत ती खोली मुलांसाठी नाहीच असे धरून चालावे.

आमचे घर जुन्या पद्धतीचे आहे. पुढे वट्टा म्हणजे ओटा, मग पूर्वेकडे तोंड असलेली पत्र्याची ओसरी, तिच्यामागे माजघर आणि शेवटी स्वयंपाकघर व परस, अशी त्याची रचना आहे. माजघरावर धाबे आहे. लाकडी कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर असलेले हे छत ज्यांच्या घरी अजून शिल्लक आहे, त्यांनी ते मोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, कारण मेच्या दुपारी पंख्याखाली शांतपणे बसता येईल अशी घरातली जागा बहुधा तीच असते. अडचण एवढीच, की धाब्याच्या माजघरात उजेड कमी असतो. ओसरीत उजेड भरपूर असतो, पण दहा-साडेदहानंतर पत्रा तापू लागतो. या दोहोंपैकी एकाची निवड करण्याऐवजी आम्ही दोन्ही जागा वापरायचे ठरवले. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते दहा ओसरी आणि त्यानंतर माजघर, तर हिवाळ्यात सकाळी कोवळ्या उन्हात वट्टा आणि दुपारी ओसरी, असे आमचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे सरकते. त्यामुळे सामान हलके, उचलता येईल असे आणि मुलांना स्वतः नेता येईल असेच असावे लागते. पुढच्या सर्व खरेदीला या एका अटीने शिस्त लावली.

माजघरातल्या अंधारावर उपाय म्हणून वीस वॅटची एक एलईडी ट्यूब बसवली. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डाव्या बाजूने उजेड यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही; डावखुऱ्या मुलासाठी हेच उलट करावे. ट्यूब डोक्याच्या बरोबर मागे असेल, तर मुलाच्या स्वतःच्याच सावलीत वही येते, म्हणून ती बैठकीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर घेतली. ज्या भिंतीवर ट्यूब आहे त्या भिंतीला आणि समोरच्या भिंतीला पांढरा चुना दिला, तेव्हा त्याच ट्यूबचा उजेड आधीपेक्षा चांगला पसरला. चुन्याची पोती स्वस्त मिळतात. ओसरीच्या पत्र्यावरही बाहेरून चुन्याचे दोन हात देतो, कारण पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. पावसात तो थर धुऊन जातो आणि पुढच्या होळीच्या सुमारास पुन्हा द्यावा लागतो, पण चुना आणि डिंक यांना मिळून जो खर्च येतो तो एका फॅनच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी आहे.

कूलर बहुतेक घरांत असतोच, तो नीट लावण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. कूलर खिडकीत बाहेरची हवा घेईल असा ठेवावा आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो, वह्यांची पाने लिबलिबीत होतात आणि शाई फुटते. हवेचा झोत थेट मुलांच्या अंगावर न घेता त्यांच्या डोक्यावरून जाऊ द्यावा. पावसाळा लागला की कूलरचा उपयोग संपतो आणि तेव्हा साधा पंखाच बरा. वीज जाते त्या वेळी दार-खिडक्यांवर ओला केलेला वाळ्याचा पडदा कामाला येतो. त्याचा वास मुलांना फार आवडतो.

बैठकीविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण पालक सर्वाधिक पैसे येथेच वाया घालवतात. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे खुर्ची-टेबल सहा वर्षांच्या मुलाला वर्षभर पुरते आणि मग त्याचे गुडघे टेबलाला लागू लागतात. आपल्या घरांत मुले जमिनीवर मांडी घालून सहज बसतात. मग त्यांना त्या वयात खुर्चीवर बसवण्याचा आग्रह कशासाठी धरायचा? कापडाच्या जुन्या पेढ्यांवर दिवाणजी ज्या उतरत्या बैठ्या मेजावर खाती लिहीत, तसे मेज आम्ही करून घेतले. लाकडाच्या वखारीत जुन्या सागवानी दाराचे एक पान मिळाले. सुताराने आधी, ‘ताई, सरळ टेबल-खुर्चीच करून देतो की,’ असे सुचवले, पण मुलांना समोर बसवून मापे घेतल्यावर त्यालाही त्यात रस वाटू लागला.

माप घेण्याची रीत अशी आहे. मुलाला भिंतीजवळ मांडी घालून ताठ बसवावे, दंड शरीराला टेकलेला ठेवून हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. मेजाची पुढची कड त्या उंचीइतकी किंवा फार तर एक इंच वर असावी. मागची कड त्याहून दोन-अडीच इंच उंच ठेवली, की फळीला उतार येतो, मान कमी वाकते आणि मूल वहीवर ओणवे होत नाही. पुढच्या कडेला पातळ पट्टी ठोकावी, म्हणजे पेन्सिल आणि वही घसरत नाही. आमच्या दोन्ही मुलांच्या उंचीत बराच फरक आहे, म्हणून मेज मुलीच्या मापाचे केले आणि धाकट्याला चौघडी केलेल्या गोधडीवर बसवले. तो वाढेल तशी गोधडीची एकेक घडी कमी होत जाते. मेज इतके हलके आहे, की दोघे मिळून ते ओसरीतून माजघरात नेतात. जुने लाकूड, सुताराची मजुरी आणि पॉलिश मिळून दीड हजारांच्या आसपास खर्च आला, आणि संपूर्ण मांडणीत एका वस्तूवर झालेला सर्वांत मोठा खर्च हाच.

जमिनीवर शहाबादी फरशी आहे. उन्हाळ्यात ती सुखद असते, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहा अंशांखाली उतरतो आणि तेव्हा त्या फरशीवर मुलांना तासभर बसवणे बरे नव्हे. त्या दिवसांत सतरंजीखाली घोंगडी घालतो. दर अर्ध्या तासाने मुलांनी उठून परसात एक फेरी मारावी हा नियम सर्व ऋतूंत सारखाच आहे.

फळ्यासाठी वेगळा बोर्ड विकत घेतला नाही. ओसरीच्या भिंतीचा सहा फूट लांब आणि साडेतीन फूट उंच भाग फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवला. चुन्याच्या भिंतीवर हा रंग थेट दिला, तर त्याच्या खपल्या निघतात. म्हणून आधी चुना पूर्ण खरवडून काढावा, लांबीने, म्हणजे पुट्टीने, खड्डे बुजवावेत, सँडपेपर मारून पृष्ठभाग गुळगुळीत करावा, प्रायमरचा एक हात द्यावा आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. रंग दोन दिवस वाळल्यावर खडू आडवा धरून सगळ्या फळ्यावर घासायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. असे केल्याने पहिल्यांदा लिहिलेली अक्षरे कायमची उमटून राहत नाहीत. फळ्याची खालची कड धाकट्याच्या कमरेइतकी ठेवली आहे, कारण फळा मुलांनी लिहिण्यासाठी आहे आणि मोठ्यांनी त्यासाठी वाकायला हरकत नाही. खडूची धूळ उडू नये म्हणून ओल्या फडक्याने पुसण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली.

या फळ्याचा एक कोपरा मुलीच्या हस्तलिखित वर्तमानपत्राला दिलेला आहे. अमळनेरमध्ये राहणाऱ्याला ही कल्पना बाहेरून आणावी लागत नाही. साने गुरुजी १९२४ मध्ये येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि छात्रालय सांभाळताना मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. कागद, शाई आणि रोजचे कष्ट यांपलीकडे त्या उपक्रमाला काही लागले नव्हते. आमची मुलगी आठवड्यातून एकदा एका फुलस्केप कागदावर बातम्या लिहिते: बोरी नदीला पाणी आले, परसातल्या कडुनिंबावर कावळ्याने घरटे बांधले, बाजारात वांग्यांचा भाव उतरला. तिचे शुद्धलेखन, वाक्यरचना आणि आजूबाजूला पाहण्याची दृष्टी यांसाठी आम्ही जे काही केले, त्यात या एका कागदाचा वाटा सर्वांत मोठा आहे, असे मी खात्रीने म्हणते.

सामान ठेवण्याबाबत मारिया माँटेसरी यांचे ऋण मान्य केले पाहिजे. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांनी सुरू केलेल्या पहिल्या बालघरापासून त्यांच्या पद्धतीत एक गोष्ट पायाभूत राहिली: वस्तू मुलाच्या हाताला येतील अशा उंचीवर, उघड्या फडताळात, प्रत्येकीची जागा ठरलेली. ही शिकवण कोणतीही महागडी वस्तू न घेता पाळता येते. आमच्याकडे फळांच्या दुकानातून आणलेली तीन लाकडी खोकी आहेत. ती घासून, खिळे ठोकून आणि आडवी ठेवून त्यांची फडताळे झाली. दोन विटांवर ती ठेवतो आणि भिंतीपासून चार बोटे पुढे, कारण आपल्या मुलखात वाळवी लवकर लागते आणि भिंतीला चिकटलेले लाकूड तिला प्रथम सापडते. पुस्तकांमध्ये कडुनिंबाची वाळलेली पाने घालण्याची सासूबाईंची पद्धत आम्ही चालू ठेवली आहे. एका वेळी फडताळात दहा-बाराच वस्तू ठेवतो, बाकीच्या पेटीत असतात आणि पंधरवड्याने त्यांची अदलाबदल होते. समोर फार वस्तू असल्या, की मुले प्रत्येक वस्तू हाताळतात आणि एकीवरही रमत नाहीत. सासूबाई अहिराणी बोलतात आणि ‘जठली वस्तू तठेच ठेव’ हे त्यांचे एक वाक्य मुलांच्या कानांत इतके बसले आहे, की मला वेगळे काही सांगावे लागत नाही.

साधनांच्या बाबतीत आपण महाराष्ट्रात भाग्यवान आहोत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी वस्तीत नेले. परदेशी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले, दगड, माती अशा आसपासच्या वस्तूंतूनच साधने तयार केली. मुलाला आपल्याच परिसरातली वस्तू हाताळताना जी जवळीक वाटते, ती रंगवलेल्या ठोकळ्याबाबत वाटत नाही, हे मी माझ्या मुलांमध्ये रोज पाहते. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली खेळणी आहेत. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांतून त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती कशा जोडायच्या, हे त्यांनी दाखवून दिलेले आहे. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेही मोफत आहेत. आमच्या मुलीने अशा काड्यांचा चौकोन केला, तो बोटाने दाबला आणि तो वाकडा झाला. मग त्रिकोण केला आणि तो काही केल्या वाकेना. त्या दिवसापासून ती विजेचे मनोरे, पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या आणि रेल्वेचे पूल यांत त्रिकोण शोधत असते.

धाकट्याच्या गणितासाठी शेतातून तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, आणल्या. त्यांचे बोटभर लांबीचे तुकडे केले, टोके घासून गुळगुळीत केली आणि दहा-दहांच्या जुड्या सुताने बांधल्या. अशा दहा जुड्या मोठ्या दोऱ्याने एकत्र बांधल्या, की शंभराचा भारा होतो. बत्तीसमधून सात वजा करायचे असतील, तर तो तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडतो. सुट्या काड्या दोनच आहेत, म्हणजे सात काढता येत नाहीत, हे त्याच्या लक्षात येते. मग तो एका जुडीची गाठ सोडतो, बारा सुट्या काड्यांतून सात बाजूला करतो आणि दोन जुड्या व पाच काड्या पाहून ‘पंचवीस’ म्हणतो. वहीत दशकाच्या घरातून एक कमी करून एककाच्या घरात दहा देण्याची क्रिया त्याने नंतर पाहिली, तेव्हा त्याला ती समजावून सांगावी लागली नाही, कारण गाठ सोडण्याचे काम त्याच्या बोटांनी आधीच केलेले होते. चिंचोके मोजणीला आणि पाढ्यांच्या रांगा मांडायला उत्तम. नारळाच्या दोन करवंट्या, एक सरळ काठी आणि सुतळी यांची तागडी होते. वजनांसाठी औषधाच्या लहान बाटल्या वापरतो: शंभर मिलिलिटर पाण्याचे वजन शंभर ग्रॅम असते, त्यामुळे एका पारड्यात रिकामी बाटली आणि दुसऱ्यात पाणी भरलेली तशीच बाटली ठेवली, की फरक शंभर ग्रॅमचा पडतो आणि तेवढ्या वजनाची वाळूची पुरचुंडी मुलांना स्वतः तयार करता येते.

अंगण आणि वट्टा हेही अभ्यासाच्या जागेचे भाग आहेत, असे मी मानते. आमचे गाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, मेमध्ये मात्र आकाश निरभ्र मिळते. अंगणात एक लोखंडी गज लंबात रोवून वर्षभर दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मध्यान्हीच्या सावलीचे टोक चुन्याने नोंदवतो. ज्या भास्कराचार्यांच्या गणितात शंकू, म्हणजे सरळ उभी रोवलेली काठी, आणि त्याची सावली यांवर स्वतंत्र विवेचन आहे, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, तो चाळीसगावजवळच्या पाटण येथे. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. मुलांना पाटणादेवीला नेले, तेव्हा हे सांगितले आणि परत आल्यावर मुलीने कडुनिंबाची उंची सावलीवरून काढून पाहिली. या साधनाची किंमत एका गजापुरती आहे.

ओसरीच्या फरशीवर खडूने तापीचे खोरे काढतो. मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळून निघालेली आणि सुरतेजवळ समुद्राला मिळणारी ७२४ किलोमीटरची ही नदी निळ्या खडूने ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. उत्तरेला सातपुडा म्हणून विटांचे तुकडे मांडायचे, चांगदेव गावाजवळ पूर्णा नदी तिला मिळवायची, मग वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा अशा दक्षिणेकडून येणाऱ्या नद्या त्यांच्या क्रमाने जोडायच्या आणि कुठे केळी पिकतात, कुठे कापूस, तेथे खऱ्या वस्तू ठेवायच्या. संध्याकाळी फरशी पुसली, की पुढच्या वेळी सर्व आठवून पुन्हा काढावे लागते. छापील नकाशा टांगलेला आहेच, पण स्वतः पाय ठेवून चाललेला नकाशा मुले विसरत नाहीत.

पुस्तकांचा खर्च फारसा येत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके मुळातच स्वस्त आहेत आणि त्यांच्या पीडीएफ फाईली मोफत उतरवून घेता येतात. जूनमध्ये शेजारची मुले वरच्या वर्गात गेली, की त्यांची पुस्तकेही मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही संगणकावर किंवा मोबाईलवर वाचता येतात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी नाममात्र असते आणि मुलांनी स्वतः जाऊन पुस्तक बदलून आणणे, हाही शिकण्याचाच भाग आहे. घरातला एकच स्मार्टफोन अभ्यासाला वापरतो, तोही मेजावर राहत नाही. दीक्षा ॲपवरचा पाठ पाहायचा असेल, तेव्हा फोन फडताळाला टेकवून उभा करायचा, सर्वांनी मिळून पाहायचे आणि तो परत आतल्या खोलीत ठेवायचा, ही आमची पद्धत आहे.

एकत्र कुटुंबात जागेचा सर्वांत अवघड भाग सामानाचा नसून माणसांचा असतो. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सकाळी ओसरीत वर्तमानपत्र वाचायची सवय आहे. त्यांना तेथून उठवण्यापेक्षा त्यांचीच खुर्ची मुलांच्या मेजाशेजारी ठेवली. वाचता वाचता ते मुलीला एखादी बातमी मोठ्याने वाचायला सांगतात, धाकट्याला बाजारभावांचे आकडे विचारतात, आणि आमच्या अभ्यासाचा एक तास त्यांनी कोणतीही घोषणा न करता आपल्याकडे घेतला आहे. टीव्ही माजघरातून सासूबाईंच्या खोलीत गेला. त्यासाठी त्यांची मनधरणी करावी लागली हे खरे, पण नातवंडांच्या शेजारी बसून गोधडी शिवताना त्यांच्याकडून मुले टाका मोजायला, कापड चौकोनी कापायला आणि तुकडे जुळवायला शिकतात, हे पाहिल्यावर त्यांचाही विरोध मावळला. पाहुणे आले की मेज भिंतीला उभे लावतो आणि खोक्यांवर चादर टाकतो. तेवढ्याने ओसरी पुन्हा ओसरी होते.

खोक्यांच्या वरच्या कप्प्यात प्रत्येक मुलाची एक फाईल आहे आणि तिच्याकडे कोणीही काणाडोळा करू नये. तारीख घातलेली निवडक कामे, वाचलेल्या पुस्तकांची यादी, प्रयोगांच्या नोंदी आणि महिन्यातून एकदा आम्ही लिहिलेला अर्धा पानभर आढावा तिच्यात असतो. पुढे मुलाला शाळेत घालायचे ठरले, तर बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यात वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे, आणि अशा वेळी मूल काय शिकले हे दाखवायला ही फाईल हाताशी लागते. दहावीसाठी राज्य मंडळाकडे १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येते किंवा १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देता येते. तिच्या माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय चौदा वर्षे आहे. जन्माचा दाखला, आधार आणि पूर्वीच्या शाळेचा दाखला असल्यास तो, या सर्वांच्या प्रती त्याच फाईलीत ठेवल्या आहेत.

छापील रंगीत तक्ते, अक्षरांचे प्लास्टिकचे चुंबक, फोमच्या चटया आणि ‘स्मार्ट’ म्हणून विकली जाणारी बोलकी खेळणी यांवर आम्ही खर्च केला नाही आणि त्याची उणीव जाणवली नाही. एक चांगले भिंग मात्र जरूर घ्यावे. कापसाचा तंतू, मुंगीचे पाय, ज्वारीच्या दाण्याचे टोक, आपल्याच बोटाच्या रेषा, काय वाटेल ते त्याखाली पाहता येते, आणि आमच्या घरात सर्वाधिक हाताळली जाणारी विकतची वस्तू तीच आहे. पैसे उरले तर दुसरी वस्तू म्हणून मोजपट्टीची लांब फीत घ्यावी.

नव्याने मांडणी करू इच्छिणाऱ्यांना मी दिवाळीनंतर सुरुवात करा असे सांगते. त्या वेळी हवा कोरडी असते, त्यामुळे भिंतीवरची लांबी आणि रंग नीट वाळतात, सुतारांकडे कामाची घाई कमी असते आणि उन्हाळ्याचा ताप सुरू होण्यापूर्वी तीन-चार महिने हाती मिळतात. पहिले पंधरा दिवस काहीही विकत घेऊ नये. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घराच्या कोणत्या भागात किती उजेड पडतो, वारा कुठून येतो, घरातली माणसे कुठे बसतात आणि मुले आपण न सांगता कुठे जाऊन बसतात, हे एका वहीत लिहून ठेवावे. मेजाचे माप घेण्यासाठी सुताराला त्यानंतरच बोलवावे.